फ्यूज वारंवार उडतो, तेव्हा गाडी काही सांगत असते

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या शासकीय रुग्णालयांच्या अपघात विभागात एक वाक्य वरचेवर ऐकू येते. संध्याकाळी सात ते मध्यरात्र या वेळेत आणलेला दुचाकीस्वार शुद्धीवर असेल तर तो सांगतो, ‘‘ट्रॉली दिसलीच नाही.’’ शुद्धीवर नसेल तर त्याला घेऊन आलेले लोक सांगतात, ‘‘ट्रॉलीला मागं लाईटच नव्हती.’’ रुग्णाच्या कागदांवर डोक्याला मार, जबड्याचे हाड मोडले, छातीत रक्तस्राव अशा नोंदी होतात. मागचा लाल दिवा का बंद होता, याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

तो दिवा बंद असण्याचे कारण बहुतेक वेळा ट्रॅक्टरचालकाला ठाऊक असते. ‘‘फ्यूज टिकतच नाही. घातला की उडतो,’’ किंवा ‘‘बल्ब बसवला की आठ दिवसांत जातो,’’ असे तो सांगतो. तीन-चार वेळा पैसे घालून झाल्यावर तो नाद सोडून देतो आणि खेपा तशाच सुरू राहतात. पहाटेपर्यंत कारखान्याच्या रांगेत उभे राहायचे, दुपारी पुन्हा फडावर जायचे, यात एका बल्बसाठी दिवस मोडणे त्याला परवडत नाही.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. यांतले सगळे अपघात दिव्यांमुळे झाले नाहीत. पण मागून धडकण्याचे प्रमाण अपघातांत मोठे आहे, आणि अंधारात मागून धडकणे टाळण्याचे पहिले साधन म्हणजे पुढच्या वाहनाचा मागचा दिवा. म्हणून वारंवार उडणारा फ्यूज हा गॅरेजइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

पन्नास मीटरचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे डोळ्यांनी पाहणे, ते काय आहे हे मेंदूने ओळखणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत रात्री साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबायला आणखी २५ ते ३० मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरहून थोडे अधिक.

आता मागे दिवा नसलेली, धुळीने माखलेली, वाळलेल्या पाचटाच्या रंगाची ट्रॉली डिपर प्रकाशात किती अंतरावरून दिसेल? काच मळलेली असेल, समोरून दुसरी गाडी येत असेल, तर ३० मीटरवरून दिसली तरी पुष्कळ. ट्रॉली उभी असेल तर त्या ३० मीटरपैकी २५ मीटर ब्रेक दाबेपर्यंतच संपतात. उरलेल्या पाच मीटरांत वेग ६० वरून जेमतेम ५४ वर येतो. म्हणजे धडक जवळजवळ पूर्ण वेगाने होते. त्यात ट्रॉलीच्या मागच्या कडेची उंची अशी असते की दुचाकीचे चाक खाली जाते आणि स्वाराची छाती किंवा डोके लोखंडावर आदळते. उलट पाच वॅटचा साधा लाल दिवा स्वच्छ हवेत काहीशे मीटरवरून दिसतो. मागच्याला सावध व्हायला दहा-पंधरा सेकंद मिळतात.

डोळ्यांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. अंधारात पाहण्याचे काम डोळ्याच्या पडद्यावरील दंडपेशी करतात. त्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि समोरच्या गाडीचा प्रखर झोत ती सवय क्षणात मोडतो. त्यानंतरचे काही सेकंद डोळ्यांपुढे नुसती काळोखी असते. वय वाढते तसे भिंग पिवळसर होते, बाहुली कमी उघडते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर झोत पसरतो आणि दिपणे वाढते. अशा डोळ्यांना अंधारातली ट्रॉली शोधायला लावणे म्हणजे दैवावर भार टाकणे आहे.

ताप आणि आजार

फ्यूज उडणे आणि बल्ब जाणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. रुग्ण ‘ताप येतो’ म्हणाला तर ताप हे लक्षण असते. आजार मलेरिया आहे, न्यूमोनिया आहे की आणखी काही, हे शोधावे लागते. तसेच इथे आहे. फ्यूज उडत असेल तर त्या वाटेने वाजवीपेक्षा जास्त प्रवाह जातो आहे. बल्ब वारंवार जात असेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर बहुधा व्होल्टेज जास्त आहे, हादरे बसताहेत, पाणी शिरते आहे किंवा बल्ब चुकीचा आहे. आधी हा फरक करावा, नंतर हत्यार हाती घ्यावे.

गणित सोपे आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. मागचा बल्ब साधारण २१/५ वॅटचा असतो. त्यात दोन तारा असतात. पाच वॅटची तार टेललाइटची आणि २१ वॅटची ब्रेकची. ट्रॅक्टरचे दोन आणि एका ट्रॉलीचे दोन असे चार ब्रेकलाइट धरले तर ८४ वॅट होतात. १२ व्होल्टवर ते सात अँपिअर घेतात. दहाचा फ्यूज हे सहज पेलतो. पण हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागतात. मग सहा ब्रेकलाइट, १२६ वॅट, साडेदहा अँपिअर. त्यात थंड बल्ब पेटताना पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापटीहून अधिक प्रवाह ओढतो, कारण थंड तारेचा रोध फार कमी असतो. असा दहाचा फ्यूज एखादा दिवस टिकतो, एखाद्या दिवशी उडतो. कुठेही शॉर्ट नसतो. भारच जास्त असतो. इथे उपाय असा की ब्रेकलाइटसाठी बॅटरीवरून रिलेमार्फत वेगळी, पुरेशी जाड वायर घ्यावी आणि तिला तिचा स्वतंत्र फ्यूज द्यावा.

पात्याच्या फ्यूजना रंग ठरवून दिलेले आहेत. फिकट तपकिरी पाच अँपिअरचा, गडद तपकिरी साडेसातचा, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, पारदर्शक पंचवीसचा आणि हिरवा तीसचा. मूळ जागी लाल होता आणि आता तिथे हिरवा दिसत असेल, तर मधल्या काळात कोणीतरी आजार न शोधता लक्षण दाबले आहे, असे समजावे.

तारेचा फ्यूज, आगीला आमंत्रण

याहून वाईट सवय म्हणजे फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे. ‘‘आता उडणार नाही,’’ असे सांगून गाडी हाती दिली जाते. खरेच उडत नाही. पण फ्यूज हा त्या वाटेवरचा सर्वांत कमकुवत दुवा असावा, अशीच त्याची योजना असते. प्रवाह वाढला की आधी तो वितळतो आणि बाकीची वायर वाचते. तो जाड केला की पुढचा कमकुवत दुवा वितळतो. म्हणजे सीटखालून, डिझेलच्या नळीशेजारून गेलेली वायर.

वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीतून दहा अँपिअर गेले तर दर मीटरला दोन वॅटपेक्षाही कमी उष्णता होते. हाताला जेमतेम कोमट लागते. त्याच वायरीतून शंभर अँपिअर गेले तर प्रवाह दहापट होतो, पण उष्णता शंभरपट होते. शॉर्ट झाल्यावर ट्रॅक्टरची बॅटरी शेकडो अँपिअर सहज देते. वरचे प्लॅस्टिक मऊ होऊन गळायला, मग पेट घ्यायला वेळ लागत नाही. मागे सुका पाला असतो, खाली डिझेल असते.

या धुराचे भय जळण्याइतकेच आहे. वायरीवरचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तो घसा आणि श्वासनलिका पोळतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड होतोच, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. केबिनच्या किंवा गाडीच्या आत असा धूर कोंडला आणि आतल्या माणसाचा आवाज नंतर घोगरा झाला, नाकपुडीत काजळी दिसली, डोके जड झाले, तर कातडीवर एकही फोड नसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. घशाची सूज काही तासांनी वाढते आणि श्वास अडतो.

एकवीस वॅटचा तपासनीस

शॉर्ट शोधण्याची जुनी, स्वस्त आणि बिनधोक रीत चांगल्या वायरमनला माहीत असते. एकामागून एक फ्यूज जाळत बसण्याऐवजी तो फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडतो. होल्डरला दोन वायरी आणि टोकांना क्लिपा, एवढेच साहित्य. पुढे कितीही मोठा शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही. त्यामुळे वायर तापत नाही आणि तपास निवांत करता येतो.

समजा, ट्रॉलीच्या टेललाइटचा फ्यूज उडतो आहे. त्या वाटेवरचे सगळे बल्ब काढून ठेवायचे आणि स्विच लावायचा. आता प्रवाहाला जायला जागाच नाही, म्हणून तपासणीचा बल्ब विझलेला असायला हवा. तो लख्ख पेटला तर कुठेतरी वायर चासीला टेकली आहे. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधला सात पिनांचा प्लग काढायचा. बल्ब विझला तर दोष ट्रॉलीत आहे. पेटताच राहिला तर ट्रॅक्टरमध्ये आहे. एका कृतीने निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीचा प्लग काढून पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. पोटदुखीच्या रुग्णाला डॉक्टर ‘नेमके कुठे दुखते’ विचारत हात सरकवत नेतात, तशीच ही रीत आहे.

दोषाचा भाग कळला की एकाने बल्बकडे पाहत उभे राहायचे आणि दुसऱ्याने वायर हलवत जायचे. बल्ब मिणमिणला किंवा विझला की जागा सापडली. ट्रॉलीत या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. हुकजवळ, जिथे वळताना वायर दबते. चासीच्या भोकात, जिथे रबरी बूच पडून गेलेले असते आणि पत्र्याची धार वायर कापते. ट्रॉली उचलण्याच्या बिजागरीपाशी. होल्डरच्या आत, जिथे गंजलेली पट्टी वाकून पत्र्याला टेकते. आणि त्या प्लगच्या तोंडात, जिथे चिखल, उसाचा रस आणि पाणी साचून पिनांवर हिरवा थर चढतो. कधी पाच आणि २१ वॅटच्या दोन तारांच्या बल्बऐवजी एकाच तारेचा बल्ब दाबून बसवलेला असतो. त्याने टेललाइटची आणि ब्रेकची वाट एकमेकींना जोडली जाते आणि फ्यूजवर नको तो भार येतो.

दोष हटवल्यावर वायर नुसती टेपने गुंडाळून चालत नाही. उन्हाने टेप सुटते आणि महिन्याने तोच खेळ पुन्हा सुरू होतो. वायर नळीतून न्यावी, भोकात रबरी बूच बसवावे, ताण पडणार नाही अशी क्लिप मारावी. आणि मूळचाच, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा.

बल्ब जातो तेव्हा

फ्यूज ठीक आहे पण बल्ब टिकत नाहीत, अशी तक्रार असेल तर पहिला प्रश्न असा : एकाच जागचा बल्ब जातो, की सगळीकडचे?

सगळीकडचे जात असतील तर मल्टिमीटर बॅटरीला लावून इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १५ च्या वर आकडा जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. मोटारसायकलमध्ये हेच काम रेग्युलेटर-रेक्टिफायर करतो. बॅटरीचे पाणी भराभर कमी होणे, तिच्याजवळ सडक्या अंड्यासारखा वास येणे, या त्याच दुखण्याच्या खुणा आहेत. बॅटरीचे टर्मिनल सैल असले तरी बल्ब जातात. बॅटरी चार्जिंगच्या लहरी पचवत असते. खड्ड्यात तिचा संपर्क क्षणभर तुटला की अल्टरनेटरचे व्होल्टेज एकदम उसळते आणि जळणाऱ्या दिव्यांवर पडते. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होते का’ पाहण्याची सवय म्हणूनच वाईट.

व्होल्टेज थोडेच वाढले तर काय बिघडते, असे वाटेल. टंगस्टनच्या तारेच्या बाबतीत पुष्कळ बिघडते. पाच टक्के जास्त व्होल्टेजला बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते, दहा टक्क्यांना एक तृतीयांशाच्याही खाली येते. तार अधिक तापते, तिच्यातून टंगस्टनचे कण अधिक वेगाने उडतात, ती बारीक होत जाते आणि एका जागी तुटते. माणसाच्या रक्तदाबासारखेच आहे हे. थोडा जास्त दाब लगेच जाणवत नाही, पण नळ्या झिजत राहतात.

एकाच जागचा बल्ब जात असेल तर त्या जागेकडे पाहावे. दिव्याचा पत्रा तुटून लोंबतो आहे का, होल्डर सैल आहे का, काच फुटून पाणी आत येते आहे का. फडातल्या कच्च्या वाटेवर रिकाम्या ट्रॉलीला बसणारे हादरे भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त असतात. अशा ठिकाणी दिवा रबरी वॉशरवर बसवला तर फरक पडतो. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून तिथे काच कमजोर होते. लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्यावे.

गेलेला बल्ब फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर वय झाले किंवा व्होल्टेज जास्त. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर हादरे. आत पांढरट-पिवळसर भुकटी दिसली तर काचेला तडा जाऊन हवा आत गेली आणि तापलेल्या टंगस्टनचे भस्म झाले. न्यायवैद्यक तपासातही हेच ज्ञान वापरतात. अपघाताच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर लालबुंद, मऊ झालेली तार धक्क्याने ताणली जाते आणि तिचे वेटोळे विस्कटते. दिवा विझलेला असेल तर थंड तार कडक असते आणि तुकडा पडल्यासारखी सरळ तुटते. ‘लाईट चालू होती’ आणि ‘लाईट बंद होती’ या वादात कधी कधी तो एवढासा बल्बच साक्ष देतो.

जास्त उजेडाचा मोह

फ्यूज उडण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे हौशीने बसवलेले जादा वॅटचे बल्ब. मूळ हेडलाइट ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही बाजूंना ६० धरले तरी १२० वॅट, दहा अँपिअर. त्या जागी शंभर वॅटचे दोन बसवले की सोळा-सतरा अँपिअर होतात. वायर, स्विच आणि होल्डर मात्र जुन्याच हिशेबाचे. आधी फ्यूज उडतो, मग मोठा फ्यूज येतो, मग होल्डर वितळतो. आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. हॅलोजनसाठी केलेल्या परावर्तकात स्वस्तातले एलईडी दिवे बसवले तर झोताची कड राहत नाही. उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो.

एलईडी वाईट नाही. मागच्या दिव्यांसाठी तो उत्तम आहे. प्रवाह कमी घेतो, हादरे सोसतो आणि ब्रेक दाबताच साध्या बल्बपेक्षा सुमारे एक पंचमांश सेकंद आधी पेटतो. तेवढ्या वेळात ताशी ६० च्या वेगाने येणारा मागचा माणूस तीन मीटरहून अधिक पुढे आलेला असतो. मात्र दिवा पूर्ण संच म्हणून, त्या व्होल्टेजसाठी केलेला घ्यावा. इंडिकेटरला एलईडी लावल्यावर तो भराभर लुकलुकू लागला तर जुना फ्लॅशर बदलावा लागतो. तो बिघाड नाही.

हात लावण्याआधी

बारा व्होल्टचा झटका सहसा लागत नाही, म्हणून बॅटरीला कोणी भीत नाही. पण बोटातली अंगठी, हातातले कडे किंवा घड्याळाचा पट्टा एका बाजूला पान्याला आणि दुसऱ्या बाजूला चासीला लागला, की तो धातू एका क्षणात लालबुंद होतो आणि बोटाला गोल भाजते. ही जखम खोल असते. काम सुरू करण्याआधी धातूच्या वस्तू काढून ठेवाव्यात. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह वायर काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून तिच्याजवळ बिडी, काडी किंवा ठिणगी नको.

भाजलेच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. सूज येण्याआधी अंगठी काढावी. पण ती कातडीला चिकटली असेल तर ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, बॅटरीचे पाणी असले काहीही लावू नये. डोळ्यात आम्ल उडाले तर निदान वीस मिनिटे पाण्याची धार सोडत राहावी आणि धुणे झाल्यावरच रुग्णालयाची वाट धरावी. आधी धुणे, नंतर प्रवास.

आज रात्रीपुरते

दोष शोधायला वेळ लागेल, खेप मात्र आजच आहे, असे प्रत्येक हंगामात घडते. अशा वेळी निदान मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर आणि परावर्तक पट्ट्या हव्यात. त्यांना ना वायर लागते ना फ्यूज. मागच्याच्याच दिव्याचा उजेड त्या परत पाठवतात. मात्र दर खेपेला त्या पुसल्या पाहिजेत. धुळीखालची पट्टी काही परत पाठवत नाही. उसाची वाढे मागे लोंबत ठेवू नयेत, कारण चालू असलेला दिवाही त्यांच्याआड जातो. पण पट्टी ही दिव्याच्या जागी नव्हे, दिव्याच्या जोडीला आहे. मागच्या गाडीचा उजेड तिच्यावर पडेपर्यंत ती आंधळीच असते.

ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर शक्य तितकी कडेला घ्यावी आणि मागे निदान ५० मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. दगड आणि फांद्या ठेवण्याची पद्धत आहे, पण अंधारात ते दगडही दिसत नाहीत, आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते रस्त्यावर तसेच राहतात. पुढच्या दुचाकीस्वाराला तेच पाडतात.

अपघात झालाच तर जखमीची मान वाकडी होऊ न देता, हेल्मेट ओढाताण करून न काढता १०८ ला फोन करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी मागे सरू नये.

खेप निघण्याआधी एकाने ट्रॅक्टरवर बसावे आणि दुसऱ्याने ट्रॉलीच्या मागे उभे राहावे. टेललाइट, ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, असे चार शब्द मोठ्याने म्हणून चारही दिवे पाहावेत. याला एक मिनिट लागते. एखादा पेटला नाही तर त्याचा बल्ब पाहावा, फ्यूज पाहावा. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालण्याआधी तो का उडाला हे विचारावे. त्याचे उत्तर बहुधा हुकजवळ दबलेल्या वीतभर वायरीत असते.